अर्ध्या अभिप्रायाची जाहिरात

प्रश्न : पाणी शुद्ध करणारे यंत्र घेतल्यावर मी कंपनीच्या फेसबुक पानावर लिहिले होते, ‘पाण्याची चव छान आहे, पण चौथ्या महिन्यात यंत्र गळू लागले आणि तीनदा तक्रार करूनही कोणी आले नाही.’ आता कंपनीच्या टीव्हीवरील जाहिरातीत माझे नाव व फोटो दाखवून त्यातले पहिले चारच शब्द झळकवले जातात. मजकूर सार्वजनिक होता, म्हणून परवानगीची गरज नाही, असे कंपनी सांगते. मी काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मजकूर सर्वांना वाचण्यासाठी खुला ठेवणे म्हणजे तो तोडून जाहिरातीत वापरण्यास संमती देणे नव्हे, त्यामुळे कंपनीचा बचाव मला लंगडा वाटतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) नुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. म्हणजे दाखवलेले चार शब्द तुमचेच असले, तरी गळती आणि न मिळालेली सेवा वगळल्याने उमटणारे चित्र खोटे आहे. शिवाय नाव व छबी दाखवून प्रेक्षकाला ते त्या व्यक्तीचे मत वाटावे अशी मांडणी केली, की ती कायद्याच्या भाषेत शिफारस होते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारशीत त्या व्यक्तीचे खरे व सध्याचे मत दिसले पाहिजे. तुम्हाला न विचारता शिफारस करणाऱ्याच्या जागी बसवले गेले आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी शिफारस करणाऱ्यालाही जबाबदार धरता येते, म्हणून तुमचा लेखी आक्षेप आधी नोंदलेला असणे तुमच्याही हिताचे आहे.

मूळ मजकूर रागाच्या भरात काढून टाकू नका किंवा बदलू नका. तोच तुमचा मुख्य पुरावा आहे. त्याची तारखेसह प्रत आणि जाहिरातीचे चित्रण, वाहिनी व वेळ नोंदवून, जपून ठेवा. न्यायालयात असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे तो पुरावा कोणत्या उपकरणातून व कसा घेतला हे सांगणारे, प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यानंतर जाहिरात थांबवण्याची नोटीस कंपनीला पाठवून तिची प्रत वाहिनीलाही द्या. मुंबईतील ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्याच संस्थेची संहिता वरकरणी स्वयंनियमनाची असली, तरी केबल टेलिव्हिजन नियमांच्या नियम ७ नुसार तिचा भंग करणारी जाहिरात केबलवर दाखवता येत नाही, आणि वाहिन्या हे जाणतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे थेट किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लेखी तक्रार करता येते. प्राधिकरण जाहिरात बंद करवू शकते आणि दहा लाखांपर्यंत, पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड लावू शकते. मात्र त्यातला पैसा तुम्हाला मिळत नाही. गळक्या यंत्राची भरपाई हवी असेल, तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे स्वतंत्र तक्रार करा. यंत्राची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही. नाव व फोटोच्या वापरास मनाई हुकूम मागायचा असल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागेल. फोटो घरातल्या कोणी काढला असेल, तर त्याचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याचा असतो. नोटिशीवर त्यांचीही सही घ्या.