नाइट ट्रेकला टॉर्चऐवजी ग्लो स्टिक नेली तर चालेल का?

ग्लो स्टिक म्हणजे वाकवली की आतल्या रसायनाने उजळणारी प्लास्टिकची कांडी. ती जोडीला न्या, टॉर्च मात्र हवाच. कसाऱ्याची रात्रीची लोकल पकडून कळसूबाईला निघालात, तर ग्लो स्टिकच्या उजेडात पायाखालचा दगडही धड दिसणार नाही. ती कामाला येते ती माणूस दिसायला. सगळ्यात मागच्या भिडूच्या सॅकला एक हिरवी बांधा. पार्टीतल्या बारीक कांड्या नकोत. सहा इंची जाड घ्या, ती साधारण ८ ते १२ तास चालते. वाकवली की आतली काचेची नळी कट्कन फुटते, मग हलवायची. पावसाने काही होत नाही, थंडीत मात्र उजेड मंदावतो. मदत हवी असेल तर हातभर दोरीला बांधून गरागरा फिरवा, लांबून अख्खं चक्र दिसतं. रेंज असेल तर आधी ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करा. आणि काजव्यांच्या दिवसांत राजमाचीला उगाच ग्लो स्टिक फोडत बसू नका, उजेडाने काजव्यांना त्रास होतो.