आधी इंजिनिअरिंग, मग जर्मनीत आवडीचा विषय?

तू विचारलंस की बारावी झाली, भूविज्ञान आवडतं, पण घरचे म्हणतात आधी गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल कर, मग जर्मनीत मास्टर्सला हवं ते शीक. हे जमेल का? नाही जमणार. मी नेमकं हेच करून बसलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

इथलं, म्हणजे जर्मनीतलं, विद्यापीठ मास्टर्सचा अर्ज उघडतं तेव्हा आधी बघतं ते पदवी कुठल्या विषयाची आहे. भूविज्ञानाच्या मास्टर्सला त्या विषयाचे ठरावीक क्रेडिट लागतात, शिवाय गणित, भौतिक, रसायन. माझ्याकडे चार वर्षांचं थर्मोडायनॅमिक्स आणि मशीन डिझाइन होतं; खनिजशास्त्राचा एक तासही नाही. तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला आणि कारण एकच: संबंधित विषयातली पदवी नाही. मार्क चांगले होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग पुण्यात राहून दीड वर्ष जर्मन शिकलो आणि 24व्या वर्षी इथे पुन्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बसलो. माझा वर्ग अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचा होता. विषय मिळाल्याचा आनंद होताच, पण बाबांनी चार वर्षं भरलेली फी आठवली की अजून घशात अडकतं.

तुझ्या घरच्यांवर चिडू नकोस. आम्ही डिचोलीचे, बाबांचे दोन टिपर खनिज वाहायचे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि टिपर आवारात उभे राहिले. टायरांखाली गवत वाढलं, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्यानंतर वर्षभरात मी म्हणालो, मला दगडांचा अभ्यास करायचाय. बाबांना त्यात फक्त 'खाण' ऐकू आली. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, तेव्हा तर त्यांना वाटलं आपण मुलाला वाचवलं. त्यांची भीती खरी होती. भूविज्ञान म्हणजे खाण एवढंच नव्हे, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, आणि मलाही ते मांडता आलं नाही.

मला ओढ लागली ती लहानपणीच. टिपरमधून पडलेला काळपट, जड दगड मी फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासला, तर रेघ लालभडक उमटली. दगड काळा आणि रेघ लाल, हे काय? हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज, तसाच ओळखतात, हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. आज मी उत्तर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करण्याआधी तळाची माती तपासणाऱ्या गटात काम करतो. समुद्राच्या तळातून काढलेला चिखलाचा लांब दांडा उभा चिरून टेबलावर ठेवतात तेव्हा मला ती रेघच आठवते.

म्हणून सांगतो, घरच्यांशी नुसता वाद घालू नकोस, त्यांना काम दाखव. 1966 मध्ये स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था आपल्याकडे दोनापावलाला आहे, आणि अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखणारी ध्रुवीय संशोधन संस्था वास्कोत आहे. भूजल, पुलांचे पाये, दरडी, किनाऱ्याची झीज, सगळीकडे हा विषय लागतो.

तू बीएस्सी गोव्यातच कर. मिरामारच्या धेंपे कॉलेजात आणि मडगावच्या चौगुले कॉलेजात भूविज्ञान आहे. गणित-भौतिक सोडू नकोस. प्रत्येक सेमिस्टरचा अभ्यासक्रम कॉलेजकडून शिक्का मारून घेऊन जपून ठेव; क्रेडिट जुळवताना तोच कागद मागतात. इंग्रजीतून मास्टर्स मिळतं, पण नोकरीला जर्मन लागतंच, तेव्हा पहिल्या वर्षापासून सुरू कर.

पैशांचं घरात स्पष्ट सांग. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो भरावे लागतात. व्हिसासाठी 11,904 युरो बंद खात्यात ठेवावे लागतात, पण ते तुझेच असतात, इथे आल्यावर महिन्याला 992 परत मिळतात. भारतातल्या कागदपत्रांसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे ती तपासून खरी असल्याचा दाखला, लागतं, ते शेवटच्या महिन्यावर ठेवू नकोस. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. तुझ्या काकांनी जुन्या पोर्तुगीज राजवटीमुळे बऱ्याच गोवेकरांना मिळू शकणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टचा विषय काढलाय म्हणून सांगतो: त्याने व्हिसाची अट सुटते, भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, विषयाची अट मात्र तशीच राहते.

फर्मागुडीची फी भरायच्या आधी बाबांना हे वाचून दाखव. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर रविवारी, तुमच्याकडे दुपारी जेवणं आटोपल्यावर, मी फोनवर असतो. माझे बाबाही बोलतील, त्यांना विचारून ठेवलंय.