फादरांवरचा विश्वास उडाला, तरी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जन्मापासून कॅथलिक आहे, पण धर्मगुरूंबद्दल जे पाहिलं-ऐकलं त्यानंतर त्यांच्यावर विश्वास उरला नाही. प्रवचन सुरू झालं की राग येतो, पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, पाय वळत नाहीत. मी अजून कॅथलिक आहे का, आणि यातून कोणी गेलंय का?

गेलोय. पुरता बाहेर आलोय असं मात्र म्हणवत नाही.

मी नागपूरचा. वडील श्रीरामपूरकडचे, रेल्वेत लागले, अजनीला क्वार्टर मिळालं आणि आम्ही इथलेच झालो. आमच्याकडे फादर जेवायला येणार म्हणजे सणच. आई ठेवणीतली चादर काढायची. फादर ज्या खुर्चीवर बसणार, तिच्यावर आम्हा पोरांना दोन दिवस आधीपासून बसायची बंदी. फादर चुकत नाहीत असं कुणी तोंडानं शिकवलं नव्हतं. त्या खुर्चीनं शिकवलं.

पुढे मोठा झालो, पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक चर्चच्या समितीवर, गेलो. कुठल्या पॅरिशच्या ते सांगत नाही, फादरांचं नावही नाही. कबरस्तानाची भिंत पावसात पडली होती, डुकरं आत शिरायची. वर्गणी काढायची ठरली, एक पावतीपुस्तक माझ्याकडे आलं. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी पन्नासाची नोट दिली, पावतीची घडी केली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. त्यांचा नवरा तिथंच पुरलेला. दोन पावसाळे गेले. भिंत एका बाजूनं गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. मावशी दर रविवारी विचारायच्या, "भाऊ, झाली का जी भिंत?"

मी बैठकीत हिशेब मागितला. नीट, हात जोडून मागितला. फादर काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, बेथानी गावचा प्रसंग घेतला: मरिया येशूच्या पायांना किमती सुगंधी तेल लावते आणि येशूला पुढे दगा देणारा शिष्य यहूदा म्हणतो, हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? "बघा," फादर म्हणाले, "पैशाचा हिशेब विचारणारा पहिला माणूस कोण? यहूदा!" पुढच्या बाकांवरची दोन-तीन डोकी माझ्याकडे वळली. बायकोनं माझा हात दाबून धरला. मला उठून एवढंच विचारायचं होतं की फादर, योहानाच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, लगेच पुढे काय लिहिलंय? पैशाची डबी कुणाकडे असायची? यहूदाकडेच ना? पण उठलो नाही. आपल्याकडे प्रवचनात कुणी उठतं का?

त्यांनी पैसे खाल्ले असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही, कारण ते मला माहीत नाही. कदाचित छत गळत होतं म्हणून तिकडे वळवले असतील. तसं सांगितलं असतं तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. माझा विश्वास पैशापायी गेला नाही. माझं तोंड बंद करायला त्यांनी शुभवर्तमान वापरलं, तिथं गेला. मग बदली झाली, शाल-श्रीफळ झालं, निरोपाच्या चहाला मीही होतो. नव्या फादरांना त्या भिंतीबद्दल कुणी काही सांगितलं नाही.

माझं दुखणं किरकोळ आहे हे मला कळतं. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये धर्मगुरूंनी केलेलं मुलांचं शोषण २००२ साली उघडकीला आलं, अमेरिकेच्या ५२ वर्षांच्या पाहणीत ४,३९२ धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप निघाले, फ्रान्सच्या चौकशी आयोगानं २०२१ साली १९५० पासूनच्या पीडितांचा अंदाज २,१६,००० सांगितला, त्यापुढे एक भिंत म्हणजे काय? पण बोस्टनबद्दल वाचताना मी थबकलो ते एका ओळखीच्या गोष्टीपाशी. तक्रार आली की बदली. नव्या ठिकाणच्या लोकांना पत्ता नाही. वर पुन्हा हे की बोलणाऱ्यामुळे चर्चची बदनामी होते.

तुम्ही "पाहिलं-ऐकलं" म्हणता त्यात एखाद्या लेकराचा प्रश्न असेल, तर माझं बाकीचं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी पोलिसांकडे जा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात कलम १९ आहे: माहिती असणाऱ्यानं कळवायलाच हवं, न कळवणं हाही गुन्हा. बिशपांची परवानगी लागत नाही. चर्चच्या आतही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम काढला आणि २०२३ मध्ये तो कायमचा केला. त्याप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात (बिशपांच्या हद्दीत) तक्रार घ्यायची सोय असली पाहिजे आणि प्रापंचिकही, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा साधा भाविकही, तक्रार करू शकतो. पण क्रम लक्षात ठेवा. आधी ठाणं.

आता तुमच्या पापनिवेदनाकडे. वाईट धर्मगुरूच्या हातचा संस्कार खरा का, हा प्रश्न सतराशे वर्षं जुना आहे. रोमन बादशहानं छळ मांडला तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी भिऊन पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. मागाहून तिथला एक मोठा गट, डोनाटिस्ट, म्हणू लागला की असल्यांच्या हातचा संस्कार संस्कारच नाही. तिथलाच बिशप असलेल्या संत ऑगस्टीननं पुढे उलट बाजू घेतली: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) येशूचा पट्टशिष्य पेत्र यानं दिला तरी ख्रिस्तच देतो, यहूदानं दिला तरी ख्रिस्तच देतो. आपली चर्च आजही तेच मानते. आता यातही एक गंमत बघा. काही फादर हा सिद्धांत ढालीसारखा पुढे करतात: "माणसाकडे बघू नका, झग्याकडे बघा." अहो, ऑगस्टीननं तो भाविकाला धीर द्यायला मांडला होता. माझ्या बापाचा स्नानसंस्कार कुणाच्या पापानं पुसला जाऊ नये म्हणून. फादरांना जाब विचारू नये, असं त्यातून निघत नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर आपल्याच पॅरिशच्या फादरांपाशी पापनिवेदन करायचं असा नियम नाही. मी तीन वर्षं दुसरीकडे गेलो. सदरच्या कॅथेड्रलला जा, कामठीला जा, जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही तिथं जा. जाळीपलीकडचा आवाज अनोळखी असला की राग जरा लांब राहतो. निदान माझा राहिला.

आणखी एक. माझा शाळेतला दोस्त फादर आहे, शिकला दुसऱ्या राज्यात. सुट्टीवर आला की आम्ही सेमिनरी हिल्सला फिरतो. (अर्धं नागपूर तिथं चालायला येतं, पण सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा आणि टेकडीला नाव तिच्यावरून, हे कुणाला ठाऊक!) त्याला मी यहूदाचा किस्सा सांगितला. आधी हसला. मग म्हणाला, "अबे, कॅनन लॉ वाच ना. नुसता काय चिडतो?" म्हणून वाचला. चर्चचा हा कायदा १९८३ चा आहे. कलम २२२ म्हणतं भाविकांनी चर्चच्या गरजा भागवाव्यात, ते तर दर रविवारी ऐकतोच. पण ५३७ म्हणतं प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती हवीच. १२८७ म्हणतं भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यावा. आणि २१२ म्हणतं चर्चच्या भल्याबद्दलचं आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा प्रापंचिकाचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही. पन्नाशी आली तरी ही तीन कलमं मला कुणी सांगितली नव्हती.

ती कागदावर लिहून मी नव्या फादरांकडे गेलो. ते चिडले नाहीत, गांगरले. वर्षभर टोलवलं. दुसऱ्या वर्षी सूचनाफलकावर एक ए-फोर कागद लागला, जमा आणि खर्च. सगळ्यात मोठा आकडा "इतर खर्च". मी परत गेलो. पुढच्या वर्षी "इतर"चे पाच भाग झाले.

तर विश्वास परत आला का? लहानपणच्या त्या खुर्चीवरचा, नाही. फादर घरी येतात, मी चहा देतो, ते रिकामी दिसेल त्या खुर्चीवर बसतात. मिस्साला जातो. प्रवचन आवडलं नाही तर दारात थांबून तसं सांगतो, त्यानं राग बराच उतरतो, करून बघा. दानाचं पाकीट टाकतो, पण वर "भिंतीसाठी" लिहून. तुम्ही कॅथलिक आहात की नाही हे ठरवायला मी कोण, पण ज्याला काही देणंघेणं उरलेलं नाही तो प्रवचन ऐकून चिडत नाही, झोपतो.

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लावायला गेलो तेव्हा मावशीही होत्या. भिंत तीन बाजूंनी पूर्ण आहे. चौथीला अजून काटेरी तार आहे. डुकरं येत नाहीत आता, कुत्री येतात.