रात्री फक्त सॅलड खाल्लं की तासाभरात भूक लागते. पोट भरेल असं पौष्टिक सॅलड कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की रात्री काकडी, टोमॅटो, गाजर आणि लेट्यूस असं मोठं बाऊल भरून खाता, वर फक्त लिंबू-मीठ, आणि दहा वाजता फरसाणाचा डबा उघडता. भूक लागणारच. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, १०० ग्रॅममधून जेमतेम १५ कॅलरी मिळतात. टोमॅटो आणि लेट्यूसची गतही जवळपास तीच. त्या बाऊलमध्ये प्रथिनं नावालाच आहेत आणि स्निग्ध पदार्थ अजिबात नाहीत. भाज्या चांगल्याच आहेत, त्या कमी करू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत. पण त्याच ताटात डाळी-कडधान्यं आहेत, दाणे-बिया आहेत, दूध-दही आहे. नेमकं तेच तुमच्या बाऊलमध्ये नाही.

माझ्या मते यासाठी परदेशी पाककृती शोधायची गरज नाही. आपली कोशिंबीर घ्या आणि ती तोंडीलावण्याऐवजी जेवण होईल एवढी वाढवा. खमंग काकडी बघा: कोचवलेली काकडी, दाण्याचा कूट, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. चैत्रातली कैरीची डाळ बघा: भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटून त्यात किसलेली कैरी. मेथीचा घोळाणाही तसाच, कच्ची कोवळी मेथी, कांदा, कूट, तिखट-मीठ आणि कच्चं तेल. कूट, खोबरं, डाळ, तेल हे सगळं भाजीला धरून ठेवतं, म्हणून वाटीभर खाल्लं तरी समाधान होतं.

रात्रीच्या जेवणासाठी मी बहुतेक वेळा मटकीचं करते. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात. हे मोड कच्चे घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, त्यातच जंतूही वाढतात. कुकरची शिट्टी न लावता पाच-सात मिनिटं वाफवा. दाणा शिजला पाहिजे, पण दाताखाली लागला पाहिजे. एका माणसाला वाफवलेली मटकी एक मोठी वाटी, त्यात काकडी, गाजर, कोबी किंवा मुळा मिळून दोन वाट्या, थोडा कांदा, भरपूर कोथिंबीर आणि दोन चमचे कूट. कूट अगदी पीठ करू नका, जाडसर ठेवा. भाज्याही किसू नका, चिरा. चावायला वेळ लागला की जेवल्यासारखं वाटतं, किसलेलं गाजर मात्र चार घासांत संपतं.

त्यावर एक चमचा तेलाची मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता घालून फोडणी द्या. बिनतेलाचं सॅलड जास्त पौष्टिक, ही समजूत सोडून द्या. गाजरातलं बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं, आणि लहान चमचाभर तेलाच्या कॅलरी ४५ च्या आसपास असतात. फोडणी निवली की लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर काकडीला पाणी सुटून सगळं पचपचीत होतं.

मटकीने पोट जड होत असेल तर अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा, किंवा मूग घ्या, ते पचायला हलके. उकडलेले छोले, पनीर, उकडलेली अंडी, काहीही चालेल. रोज एकच चव नको असेल तर बाजारातल्या मेयोनेजऐवजी फेसलेली मोहरी वापरून बघा. मोहरीची पूड थोड्या पाण्यात खूप फेसायची, नाकाला झणका लागला की फडक्यात बांधून पाणी गाळलेल्या घट्ट दह्यात कालवायची, किंचित साखर घालायची. कोबी आणि बीट यांना ही चव फार शोभते.

आणि एवढं करूनही रात्री भूक लागत असेल, तर सोबत अर्धी ज्वारीची भाकरी किंवा एक लहान उकडलेलं रताळं खा, बिनधास्त. फरसाणापेक्षा ते केव्हाही बरं. हेच सॅलड ऑफिसच्या डब्यात न्यायचं असेल तर मटकी-गाजर-कोबी फोडणी घालून एका डब्यात भरा. काकडी, टोमॅटो आणि कूट वेगळ्या डबीत न्या, मीठ-लिंबू तिथे घाला.