धावणं थांबलं, आता माझं काय?

“हाड भरून येईल हो मॅडम, पण तोवर माझं काय?” लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांना दुखापत झाली की हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत समुपदेशनासाठी माझ्याकडे येतो. घरचे म्हणतात, चार दिवस आराम कर, एवढं काय त्यात. पण त्या माणसाची झोप उडालेली असते, चिडचिड वाढलेली असते आणि आपण पळपुटे ठरतोय की काय, अशी शरमही वाटत असते. याच काळजीवर सुनीताताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

सुनीताताई ४६ वर्षांच्या, शिक्षिका, घर सोलापुरात, विजापूर रोडला. रोज पहाटे संभाजी तलावाच्या बाजूला धावायच्या. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी ४२.१९५ किलोमीटरची तयारी चालली होती. डिसेंबरात नडगीत कळ यायला लागली. एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून त्या पळतच राहिल्या. हाडाची बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआय केल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सहा ते आठ आठवडे धावणं बंद.

पहिल्या भेटीत त्या मॅरेथॉन हुकल्याबद्दलच बोलत होत्या. “अविनाश साबळेचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, तरी तो उभा राहतोय. मी एवढ्याशा चिरेला रडायलेय,” म्हणाल्या. ऑलिंपिकमध्ये धावलेला साबळे इकडच्याच बीड जिल्ह्याचा, त्यामुळे इकडच्या धावणाऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव असतंच. पण त्याच्या पाठीशी डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक असतात आणि बरं होणं हेच त्या काळातलं त्याचं काम असतं. सुनीताताईंना सकाळी घरकाम उरकायचं होतं, दुपारी शाळा आणि संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं. ही तुलना कुणीही स्वतःशी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी मी त्यांची धावण्याची डायरी मागवली. विम्याच्या एजंटाने दिलेली छोटी डायरी, रोजचे किलोमीटर लाल पेनाने लिहिलेले. जुलैपर्यंत आठवड्याला चाळीसच्या आसपास आकडे होते. ऑगस्टच्या मध्यापासून ते एकदम साठच्या वर गेले. “ऑगस्टमध्ये काय झालं?” असं विचारलं. त्या बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पोरगी पुण्याला गेली, इंजिनिअरिंगला.”

हीच मुलगी पहाटे सायकलवर पाण्याची बाटली घेऊन आईबरोबर यायची. त्याच पावसाळ्यात नवऱ्याची बदली नांदेडला झाली. घरात दोघीच उरल्या, सासू आणि सून. रिकाम्या घरात थांबवत नव्हतं, म्हणून त्या जास्त पळत होत्या. आणि स्वतःसाठी वेगळं काय शिजवायचं, म्हणून रात्री कडक भाकरी नि शेंगाचटणीवर भागवायच्या. चटणी-भाकरीत वाईट काहीच नाही, पण साठ किलोमीटर पळणाऱ्या बाईला तेवढं पुरत नाही.

ताण पडला की हाडाचा जुना भाग आधी झिजतो आणि नवा सावकाश, काही आठवड्यांनी भरतो. किलोमीटर झपाट्याने वाढवले, त्यात खाणं कमी पडलं, तर भरणं मागे राहतं आणि चीर पडते. खाण्यातून मिळणारी ऊर्जा व्यायामाला पुरत नाही, तेव्हा पाळी, हाडं, झोप, मनःस्थिती सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला स्वतंत्र नावही दिलं. सुनीताताईंची पाळी अनियमित झाली होती. “वयच झालंय” म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. वयामुळेही तसं होऊ शकतं, पण तपासल्याशिवाय ठरवायचं नसतं. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

आमचं खरं काम तिथून सुरू झालं. धावणं त्यांच्यासाठी काय काय करत होतं, ते आम्ही वेगळं काढलं. मुलीची सोबत. घरात कुणी हाक मारणार नाही असा एक तास. आणि अंगातला राग जिरवायची जागा. पाय बंद म्हणून हे तिन्ही बंद ठेवायचं कारण नव्हतं. पहाटेचा तास तसाच राखायचा ठरला. त्या वेळेत घरकाम नाही. पाय टेकवताना दुखेनासं झाल्यावर फिजिओच्या परवानगीने पोहण्याच्या तलावात, पाण्यात धावण्याचा व्यायाम सुरू झाला. ग्रुपच्या रविवारच्या लांब धावेला पाणी वाटायला जा, असं सुचवलं, तर त्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्यांना पळताना बघवणार नाही, म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. मुलीशी मात्र त्या बोलल्या, पहिल्यांदाच. तोवर फोनवर फक्त “जेवलीस का” एवढंच व्हायचं. “तू गेल्यावर मला करमत नाही,” हे त्यांनी सांगितलं, तर मुलगीही तिकडून रडली.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, कशातच रस राहिला नसेल, झोप-भूक गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. जगणं नको असे विचार आले, तर दोन आठवडे थांबू नका; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

न दुखता अर्धा तास चालता येऊ लागल्यावर फिजिओने त्यांना थोडं धावणं, थोडं चालणं असा क्रम दिला. यंदा त्यांनी अर्ध्या मॅरेथॉनला नाव नोंदवलं आहे. सासूबाईंसाठी संध्याकाळी एक मदतनीस बाई येते. तिचा पगार नवरा नांदेडहून पाठवतो. हे त्यांनी स्वतः त्याच्याकडे मागितलं.