जवळच्या माणसांना आपली किंमत राहिली नाही असं वाटत असेल तर नातं तोडावं का?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं घरातल्या सगळ्यांचं तुम्ही केलंत, आणि ज्या बहिणीशी रोज तासभर फोन चालायचा ती आता महिना महिना फोन करत नाही. केलाच तर कामापुरता. 'एकदा मनमोकळं बोलून बघा' असं तुम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं असेल. मी ते सांगणार नाही. मी बोलून बघितलंय, आणि त्यातून दोष माझ्याच पदरात पडला.

मी श्रीवर्धन तालुक्यातली. कौलारू घर, मागे 12 गुंठ्यांची वाडी, पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, आणि मधे मधे माड. धाकटे दीर आणि जाऊ डोंबिवलीला. जावेला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण मी इथे केलं. सव्वा महिना शेक-शेगडी, धुरी, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, सगळं. अळीवाची खीर तिला मुळीच आवडायची नाही. ती नाक दाबून प्यायची, आणि वाटी रिकामी होईपर्यंत मी तिच्यासमोरून उठायची नाही. मला सख्खी बहीण नाही. ती 'ताई' म्हणायची तेव्हा मला ते खरंच वाटायचं.

मग मुलाची शाळा सुरू झाली, मे महिन्याची सुट्टी आठ दिवसांवर आली, पुढे गणपतीचे दीड दिवसच उरले. मी इकडून पिशव्या पाठवत राहिले: सोललेली सुपारी, आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी. आधी पिशवी पोचल्याचा फोन यायचा. नंतर तोही बंद झाला. आणि आलेल्या पाहुण्यांसमोर एक वाक्य ठरलेलं, "ताईंचं काय, गावाला सगळं निवांत असतं." तेव्हा मी हसून सोडून द्यायची. तुम्ही असं हसून सोडत असाल तर आजपासून बंद करा.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. सासूबाई, हे आणि मी माजघरात बसून होतो. सुरुवातीला प्रत्येक कौल पडून फुटल्याचा आवाज वेगळा कळत होता, नंतर काही वेगळं ऐकूच येईना. संध्याकाळी वारा पडल्यावर मी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, तर समोर पलीकडच्या आळीतलं देऊळ दिसलं. लग्न होऊन आल्यापासून 24 वर्षांत त्या दारातून मला कधी धड आभाळ दिसलं नव्हतं, इतकी आमची वाडी दाट होती. 280 पोफळी होत्या. मोजल्या तेव्हा 37 उभ्या होत्या.

वीज गेली होती, फोन बंद होते. सहाव्या दिवशी हे मोटरसायकल घेऊन म्हसळ्याच्या बाजूला रेंज मिळते का बघायला निघाले, मीही मागे बसले. एका वळणावर रेंज आली आणि मी डोंबिवलीला फोन लावला. जाऊ रडली, आई बऱ्या आहेत ना विचारलं. मग वाडीचं विचारलं, मी आकडा सांगितला. ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मग आता तिथे उरलंय काय, ताई? विकून टाकलेलं बरं."

तिथे उरलंय काय. मी तिथेच उभी होते की. सहा दिवस ओल्या अंथरुणात सासूबाईंना सांभाळून, फुटक्या कौलांनी तळहात कापून घेऊन मी तिच्याशी बोलत होते. मी म्हटलं, "बॅटरी संपतेय," आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी गणपतीत मी मन घट्ट करून तिला हे सांगितलं. तिचं उत्तर, "अहो, मी तुमच्या काळजीनंच म्हटलं. तुम्ही किती मनाला लावून घेता!" विषय संपला, आणि मनाला लावून घेणारी म्हणून मीच चुकीची ठरले. म्हणून सांगते, दुखावलेल्या माणसानेच समोर जाऊन नीट शब्दांत समजावून द्यायचं, हा सल्ला मला पटत नाही. मी त्यानंतर पिशव्या पाठवणं बंद केलं. दोन वर्षं कुणी विचारलंही नाही की यंदा सुपारी का आली नाही. अबोला धरूनही काही होत नाही, हे त्यातून कळलं.

झालं ते वेगळ्याच गोष्टीनं. 2021 च्या पावसात आम्ही श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून रोपं आणून नऊ-नऊ फुटांवर 120 लावली. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, आणि सावली तर सगळी आडवी झालेली, म्हणून मधे केळी लावल्या. 2023 च्या उन्हाळ्यात ह्यांचं ऑपरेशन निघालं. मला पनवेलला भावाकडे राहणं भाग होतं. एरवी मी शेजारच्यांना सांगून शिंपण्याची सोय केली असती आणि डोंबिवलीला काही कळूही दिलं नसतं. ह्या वेळी मी दिरांना फोन केला. "भाऊजी, पंधरा दिवस आई आणि वाडी तुमच्याकडे. कोण येतंय ते सांगा." विचारलं नाही, सांगितलं. जाऊ आली, माणगावला गाडीतून उतरून एसटीने.

मी परत आले तेव्हा ती मला चहाही न विचारता वाडीत घेऊन गेली. "ताई, 118 आहेत. दोन गेली, ती माझ्या आधीच गेलेली होती, ओढून बघितली तर मुळं सुकलेली." तिसऱ्या ओळीतल्या शेवटच्या रोपाशी ती थांबली. तिथली केळ कलंडली होती आणि दुपारनंतरचं ऊन थेट रोपावर येत होतं. तिने त्या बाजूला दोन काठ्या रोवून माडाचा झाप बांधला होता. सुंभाची गाठ शहरातल्यासारखी, तीन-तीन वेढे घेतलेली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "आईंचं सगळं उरकून, मोटर बंद पडली की विहिरीचं ओढून, तुम्ही सुपारी सोलायचात कधी?"

मी म्हटलं, "रात्री." मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. माफी तिने मागितली नाही, मलाही मग ती नको होती.

तर तुमचं उत्तर. तोडू नका. समजावत बसू नका. तुम्ही जे करता त्यातलं एक काम, तारीख ठरवून, बहिणीच्या अंगावर टाका, आणि ती करेपर्यंत मधे हात घालू नका. बिघडलं तर बिघडू द्या. माझी दोन रोपं गेलेलीच होती, आणखी चार गेली असती तरी मी टाकलं असतं.

दीर अजून म्हणतात की वाडी म्हणजे तोट्याचा धंदा. वादळानंतर हेक्टरी 50 हजारांची मदत जाहीर झाली, तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत हिशेब करून दाखवला होता: 12 गुंठ्यांना 6 हजार, आणि रोपाला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं. हिशेब बरोबर आहे, भाऊजी. पण त्या कागदावर तुमच्या भावाची आणि माझी मजुरी कुठल्याच ओळीत नव्हती. ती धरा, आईंच्या आजारपणात माणूस ठेवला असता तर काय पडलं असतं तेही धरा, आणि मग कोण कुणाला पोसतंय ते बोलू.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी म्हणते ते मुळात प्रेम असलेल्या नात्याचं. मारहाण, अपमान किंवा पैशांची लूट असेल तर काम वाटत बसू नका, बाहेर पडा. आणि बहीण स्वतः कशात अडकलीय का ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. त्या जूनमध्ये दिरांचा पगार निम्म्यावर आला होता आणि घराचा हप्ता थकला होता, हे मला तीन वर्षांनी, त्याच पंधरवड्यानंतर कळलं. विकायचं ती का म्हणाली ते तेव्हा समजलं. ते वाक्य मला अजून टोचतं, ते वेगळं.

यंदा त्यातल्या दोन पोफळींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा आला. जावेला फोनवर सांगितलं तर म्हणाली, फोटो पाठवा. मी म्हटलं, फोटो नाही, येऊन बघ, आणि येताना माझ्यासाठी नवा आडकित्ता आण.