शेपटीचा किट आला, आता काय?

अभिनंदन! आरव्ही-७ या स्वतः बांधायच्या छोट्या विमानाची शेपटी आधी मागवलीत, हे उत्तम केलंत. इंजिन, रंग, समोरचे स्क्रीन, सगळं सध्या विसरा. इंजिन आधीच घेऊन ठेवलं तर ते गॅरेजात गंजतं, वॉरंटी संपते ती वेगळीच.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- रोज थोडं तरी काम करा, अर्धा तास का होईना. ‘रविवारी दिवसभर बसू’ म्हणणाऱ्यांचेच अर्धवट सांगाडे पुढे विकायला निघतात.
- भोक पाडलं की दोन्ही बाजूंची बर (भोकाच्या कडेला उरलेले धारदार कंगोरे) काढा, पण हलक्या हाताने. जोर लावलात तर पातळ पत्र्यात भोकाची कडाच खाल्ली जाते.
- रिव्हेट (पत्रे जोडणारी धातूची खिळी) ठोकल्यावर तिच्या दुसऱ्या टोकाला तयार होणारं डोकं खिळीच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. म्हणजे १/८ इंची रिव्हेटला ३/१६ रुंद, १/१६ उंच. गेज लावून बघा. जरासं तिरकं असेल तर लगेच ड्रिल घेऊन धावू नका! नवखे इथेच फसतात: रिव्हेट निघतो, भोक मोठं होतं आणि दुरुस्ती मूळ दोषापेक्षा वाईट ठरते.
- फोटो काढा, त्यात स्वतः दिसा. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने केलंय, हे एफएएला (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेला) दाखवावं लागतं.

प्रायमर (पत्रा गंजू नये म्हणून लावायचा थर) कुठला, या भांडणात पडूच नका.

आणि स्टॅबिलायझरचा (शेपटीच्या स्थिर पंखाचा) पत्रा कायमचा बंद करण्याआधी ईएएच्या (हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेच्या) तांत्रिक सल्लागाराला घरी बोलवा. पैसे घेत नाहीत.